फी घेण्याआधी विद्यार्थ्यांचे काम दाखवा : वेब डिझाइनचे कोर्स चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांत वेब डिझाइनचे कोर्स चालवणाऱ्या खासगी संस्थांचे चालक

प्रत : कौशल्य विकास विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की राजारामपुरीपासून गडहिंग्लजच्या एसटी स्टँडपर्यंत तुमचे फलक लागतात. 'सहा महिन्यांत वेब डिझायनर', 'शासनमान्य प्रमाणपत्र', '१०० टक्के नोकरीची हमी'. यंदा त्यात एक नवी ओळ दिसते आहे : 'आज शून्य रुपये भरा, प्रवेश निश्चित करा.' ही ओळ वाचली आणि गप्प बसवेना. त्या शून्य रुपयांमागे कर्ज असते. ते कोणाच्या नावावर चढते आणि फेडताना घरात काय होते, हे मी जवळून पाहिले आहे.

मी कोल्हापुरात वेबसाइट बनवण्याचे छोटे ऑफिस चालवते. पतसंस्था, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालये, गुळाचे व्यापारी असे आमचे ग्राहक. काम वाढले की माणसे लागतात आणि मला ती इथलीच हवी असतात. कागल, राधानगरी, आजऱ्याच्या मुलामुलींना घराजवळ चांगले काम मिळावे, पुण्यात खोली भाड्याने घेऊन निम्मा पगार तिथेच घालवायची वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला मी नीट वेळ देते. आलेली मुले फाइल उघडून आधी सर्टिफिकेट काढतात. त्यावर सोनेरी शिक्का असतो, 'ए प्लस' श्रेणी असते. मी म्हणते, तू स्वतः बनवलेले एखादे पान दाखव. बहुतेकांकडे दाखवायला काहीच नसते. काहींकडे असते ते तुमच्या वर्गातले 'प्रोजेक्ट' : कॉफी शॉपची इंग्रजी साइट. त्याच वर्गातून आलेल्या पुढच्या मुलाकडेही तीच कॉफी शॉपची साइट असते. चित्रे तीच, रंग तेच, खालचे नाव तेवढे बदललेले.

त्यांना काम देता येत नाही. नकार देताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही, कारण दोष त्यांचा नसतो. ती मुले वर्गात बसलेली असतात, सांगितले तेवढे त्यांनी केलेले असते.

गारगोटीच्या बाजूची एक मुलगी अशीच आली होती. हुशार, प्रश्न विचारणारी. कोर्स अर्धा झाला तेव्हा शिकवणारे सर सोडून गेले. नवे सर येईपर्यंत 'व्हिडिओ बघा' असे सांगण्यात आले आणि नवे सर कधी आलेच नाहीत. फी भरण्यासाठी काढलेले कर्ज मात्र चालूच राहिले. आई दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलातून पैसे बाजूला काढून हप्ता भरत होती. मुलीने चौकशी केली तेव्हा तुमच्यापैकी एकाच्या ऑफिसातून उत्तर मिळाले, की कर्ज फायनान्स कंपनीचे आहे, आमचा संबंध नाही. मी संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडलेले नाही. थोड्याफार फरकाने हीच हकिकत मी इतरांकडूनही ऐकली आहे.

पालक तुमच्या कागदावर विश्वास का ठेवतात, हेही समजून घ्या. आपल्याकडे शासकीय नोकरीच्या जाहिरातीत एमएस-सीआयटी मागतात, लिपिकाच्या पदासाठी टायपिंगची परीक्षा मागतात. तिथे प्रमाणपत्र नसेल तर अर्ज बाद होऊ शकतो. आईवडिलांनी आयुष्यभर हेच पाहिले आहे. कागद असला की दार उघडते, ही त्यांची समजूत अनुभवातून आलेली आहे. वेब डिझाइनच्या धंद्यात मात्र असे एकही प्रमाणपत्र नाही, जे नसेल तर काम करता येत नाही आणि असेल तर काम मिळतेच. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, वेब डिझायनरला कायद्याने काहीच लागत नाही. ग्राहक साइट पाहतो आणि ठरवतो. तुम्हाला हे माहीत आहे, पालकांना नाही. तुमच्या जाहिराती याच फरकावर उभ्या आहेत, हा माझा मुख्य आक्षेप आहे. बाकीच्या तक्रारी त्याच्याच पोटातल्या आहेत.

पहिली तक्रार 'शासनमान्य' या दाव्याची. तुमच्या माहितीपत्रकांवर मी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, पाहिली, दुकान नोंदणी पाहिली, संस्था नोंदणी पाहिली, आयएसओ ९००१ पाहिले. यातले एकही अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर आणि विनामूल्य होते, पिठाची गिरणी चालवणाऱ्यालाही ती मिळते. आयएसओ ९००१ हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचे मानक आहे, वर्गात काय शिकवले याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही, ते बाहेरच्या एजन्सी देतात. व्यवसाय शिक्षणातील पात्रतांना देशपातळीवर मान्यता देण्याचे काम एनसीव्हीईटीचे, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेचे आहे. मान्यता मिळालेली पात्रता राष्ट्रीय नोंदवहीत कोडसह दिसते, तिचा स्तर दिसतो. तुमचा कोर्स तिथे असेल तर कोड छापा. नसेल तर 'आमच्या संस्थेचे प्रमाणपत्र' एवढेच छापा. त्यात कमीपणा काही नाही. चांगले शिकवणाऱ्या छोट्या वर्गाला सरकारी शिक्का लागतोच असे नाही, पण नसलेला शिक्का दाखवून फी घेणे ही फसवणूक आहे.

दुसरी तक्रार अभ्यासक्रमाची, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. गेल्या वर्षी हातात आलेल्या एका पत्रकात 'फ्लॅश ॲनिमेशन' हा विषय होता. ब्राउझरमध्ये हे ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला, आज कुठलाही प्रमुख ब्राउझर ते चालवत नाही. पानाची मांडणी टेबल वापरून करायला शिकवली जाते, पानाचे वेगवेगळे तुकडे करणारा फ्रेमसेट शिकवला जातो, मजकूर सरकवणारा मार्की टॅग शिकवला जातो. वेब पाने ज्या भाषेत लिहितात तिची एचटीएमएल ५ ही आवृत्ती २०१४ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाली, तिने या गोष्टी कालबाह्य ठरवल्या. मांडणीसाठीची आजची पद्धत, सीएसएस ग्रिड, २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत चालते, फ्लेक्सबॉक्स ही दुसरी पद्धत त्याच्याही आधीपासून. मोबाइलच्या पडद्याप्रमाणे आपोआप जुळणारे पान, म्हणजे रिस्पॉन्सिव्ह डिझाइन, ही कल्पना २०१० सालची आहे. आमच्या ग्राहकांकडे येणारे लोक साइट मोबाइलवरच उघडतात. असे असताना सहा महिन्यांच्या कोर्समध्ये रिस्पॉन्सिव्ह डिझाइनला शेवटचे दोन दिवस आणि फोटोशॉपला दोन महिने, हे गणित कोणी बसवले?

दुसऱ्या टोकाला 'फुल स्टॅक विथ एआय' अशी नावे आली आहेत, म्हणजे दिसणारे पान, त्यामागची यंत्रणा आणि वर एआय, सगळे एकाच कोर्समध्ये. त्या कोर्समधून आलेल्या मुलांना रिॲक्ट या साइट बनवण्याच्या साधनातले चार शब्द येतात, पण बटण आणि लिंक यांत फरक काय, हे सांगता येत नाही. फॉर्ममधल्या रकान्याला लेबल कसे जोडायचे हे माहीत नसते. आज एआयची साधने मिनिटभरात पान लिहून देतात हे खरे, मी स्वतः ती वापरते. पण लिहून आलेल्या पानात काय चुकले आहे हे ओळखायला पाया पक्का लागतो. पाया शिकवायला वेळ लागतो आणि फलकावर त्याची जाहिरात चमकत नाही, हे मला कळते. तरीही तो शिकवावाच लागेल.

ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अंध, अल्पदृष्टी किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसालाही साइट वापरता येणे, हा विषय तुमच्या एकाही पत्रकात मला आढळला नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. साइट सर्वांना वापरता यावी यासाठीची डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत, त्यांची २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ शी जोडला. बँका, पतसंस्था, शासकीय कार्यालये यांना आता हे काम करून घ्यावे लागणार आहे. म्हणजे जिथे खरे काम वाढते आहे, तिथेच आपली मुले कोरी आहेत.

आणि मराठी! माझ्याकडे येणाऱ्या कामांपैकी बहुतेक साइट मराठीत असतात, मुले मात्र पूर्ण कोर्स इंग्रजी मजकुरावर, तोही अर्थ नसलेल्या नमुना मजकुरावर करून येतात. मग शीर्षक देखणे दिसावे म्हणून अक्षरांतले अंतर वाढवतात आणि शिरोरेषा तुटते. दोन ओळींतले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवतात, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये सांगायचे असते हेच ठाऊक नसते. ते सांगितले तर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर योग्य उच्चार निवडू शकते आणि काही फॉन्टमध्ये 'श' व 'ल' यांची मराठी वळणे आपोआप येतात. डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर येतो, तो जसाच्या तसा चिकटवला की पानावर नुसती निरर्थक चिन्हे उमटतात. मग मुले त्या मजकुराचे चित्र करून लावतात, आणि त्या पतसंस्थेची साइट मराठीत शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने मुक्ता आणि बालूसारखे देवनागरी फॉन्ट सर्वांना मोफत खुले केले आहेत. साधन हाताशी आहे, ते वापरायला शिकवणारा एक तास तुमच्या कोर्समध्ये नाही. कोल्हापुरातल्या, सोलापुरातल्या वर्गाने हे शिकवायचे नाही तर कोणी शिकवायचे?

शिकवणाऱ्यांबद्दल थोडक्यात. मागच्या बॅचमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा पुढच्या बॅचला शिकवतो. त्याने कधी ग्राहकाशी बोलणी केलेली नसतात, डोमेन म्हणजे साइटचा पत्ता घेतलेला नसतो, होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, साइट चढवलेली नसते. त्याला मिळणारा पगारही अगदी तुटपुंजा असतो, म्हणून दुसरे काही मिळाले की तो जातो. तो दोषी नाही. जाहिरातीत 'इंडस्ट्री एक्स्पर्ट' लिहिणारे तुम्ही आहात.

नोकरीच्या हमीबद्दल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीची हमी, नोकरीच्या हमीची आश्वासने, शिक्षकांच्या पात्रतेबद्दलचे खोटे दावे यांना त्यांत मनाई आहे. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही आणि ती संमती यश मिळाल्यानंतरची असावी लागते. तुमच्यातले काही म्हणतील की आम्ही कोचिंग क्लास नाही, कौशल्याचे केंद्र आहोत. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद कोणत्याही सेवेला लागू होते. तुमच्या भिंतीवर ज्यांचे फोटो 'प्लेस्ड' म्हणून लावले आहेत, त्यांतल्या काही मुलांना मी ओळखते. कोणी कॉल सेंटरला आहे, कोणी मोबाइलच्या दुकानात. कष्टाचे, मानाचे काम आहे ते, पण त्याचा वेब डिझाइनशी काही संबंध नाही.

शेवटची तक्रार कर्जाची. प्रवेशाच्या दिवशी काउन्सिलर मुलाच्या मोबाइलवर ओटीपी मागवतो, आधार आणि पॅनचे फोटो घेतो, आणि वडिलांना वाटते की आपण हप्त्याने फी भरतो आहोत. प्रत्यक्षात त्यांनी वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलेले असते. क्लास बंद पडला तरी ते फेडावे लागते, थकले तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होते, आणि उद्या शेतीसाठी किंवा घरासाठी बँकेत गेल्यावर ते आडवे येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जदाराला कर्जाची मुख्य माहिती, वार्षिक एकूण दरासह, त्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागते, आणि डिजिटल कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडण्यासाठी सुरुवातीची मुदतही द्यावी लागते. हे बंधन वित्तसंस्थेवर आहे, पण सही तुमच्या टेबलावर होते. तो मराठी कागद मी अजून एकाही पालकाच्या हातात पाहिलेला नाही.

पालकांनी आणि मुलांनी हे पत्र वाचले तर त्यांच्यासाठी इथेच सांगते, कारण तुमचे काउन्सिलर हे सांगत नाहीत. आयटीआयमध्ये कोपा नावाचा संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीनंतर प्रवेश मिळतो, त्यात वेब पानांचे प्राथमिक शिक्षण आहे आणि शासकीय आयटीआयची फी परवडणारी आहे. नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ओ लेव्हल परीक्षेत वेब डिझाइनिंग आणि पब्लिशिंग हा स्वतंत्र पेपर आहे, आणि संस्थेत नाव न घालता थेटही परीक्षा देता येते. स्वतः शिकायची तयारी असेल तर इंटरनेटवरचा एमडीएन हा वेब तंत्रज्ञानाचा संदर्भ आणि फ्रीकोडकॅम्प या साइटवरचा अभ्यासक्रम पूर्ण मोफत आहे, फ्रीकोडकॅम्प प्रमाणपत्रही मोफत देते. यांतल्या एकाही कागदाने नोकरी हमखास मिळणार नाही. चांगला वर्ग मिळाला तर फी देऊन शिकण्यातही गैर काही नाही, बाजूला बसून चूक दाखवणाऱ्या माणसाची किंमत मला माहीत आहे. फक्त पैसे देण्याआधी विचारा : मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या, आज चालू असलेल्या तीन साइट दाखवा. दाखवल्या तर त्या आपल्या मोबाइलवर उघडून पाहा आणि बनवणाऱ्याशी फोनवर बोला.

आता मागण्या. जूनच्या बॅचचे प्रवेश सुरू व्हायच्या आत त्या अमलात याव्यात.

प्रमाणपत्र कोण देते, त्याला कोणाची मान्यता आहे आणि कोड काय, हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मराठीत छापा. मान्यता नसेल तर तसे लिहा.

नोकरीच्या हमीचे फलक उतरवा. त्याऐवजी मागच्या वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी कोर्स पूर्ण केला आणि वेब डिझाइनच्याच कामाला किती जण लागले, हे तीन आकडे लावा. आकडे लहान असतील तरी लावा.

प्रत्येक विद्यार्थ्याने कोर्स संपेपर्यंत खऱ्या ग्राहकासाठी निदान एक साइट बनवून ती इंटरनेटवर चढवलेली असली पाहिजे. गावातली शाळा, वाचनालय, बचत गट, कोणीही चालेल. साइट मराठीत असावी, मोबाइलवर नीट चालावी, माउसशिवाय कीबोर्डनेही वापरता यावी. तिचे कोड विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर राहावे, संस्थेच्या नव्हे.

अभ्यासक्रम दरवर्षी तपासून घ्या आणि तपासणाऱ्यांत बाहेर काम करणारी माणसे असू द्या. तुम्ही बोलावले तर मी येईन, माझ्या ओळखीचे या धंद्यातले आणखी काही जण येतील, त्यासाठी आम्ही मानधन घेणार नाही.

कर्जाने फी घ्यायची असेल तर पालकांना आधी 'हे कर्ज आहे' असे स्पष्ट सांगा, मराठी माहितीपत्र हातात द्या आणि विचार करायला वेळ द्या. त्याच दिवशी ओटीपी मागू नका. विद्यार्थी मध्येच बाहेर पडला किंवा तुमचा वर्ग थांबला, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत परतफेडीसाठी हीच मुदत धरली आहे. तुम्ही ती स्वतःहून स्वीकारा.

कौशल्य विकास विभागाकडे माझी मागणी एकच आहे. प्रत्येक जिल्ह्यात कोणत्या खासगी संस्थेचा कोणता संगणक अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे, याची मराठी यादी निकालाच्या आठवड्यात प्रसिद्ध करा आणि ती प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावायला सांगा. राष्ट्रीय नोंदवही इंग्रजीत आहे, तिच्यात शोध कसा घ्यायचा हे भुदरगड तालुक्यातल्या पालकाने स्वतः शोधून काढावे, ही अपेक्षा रास्त नाही.

ज्या विद्यार्थ्यांचे पैसे आधीच अडकले आहेत, त्यांनी पावत्या, जाहिरातीचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवावेत आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार लिहायला मदत हवी असेल तर आमच्या ऑफिसात शनिवारी दुपारनंतर या.

संस्थाचालकहो, तुमच्यात मन लावून शिकवणारेही आहेत. त्यांच्याकडून आलेली मुले माझ्या ऑफिसात काम करतात आणि उत्तम करतात. या पत्रातल्या मागण्या मान्य करायला त्यांना अडचण येणार नाही, कारण यांतल्या बऱ्याच गोष्टी ते आजही करतात. बाकीच्यांच्या उत्तराची मी वाट पाहते. उत्तर मला पाठवण्याची गरज नाही, ते तुमच्या प्रवेशाच्या टेबलावर, पालकांना वाचता येईल असे लावा.

आपली,
कोल्हापुरातली एक वेबसाइट व्यावसायिक